ग्रामीण रुग्णालयासाठी सीएसआर निधी मिळवताना: माझा अनुभव

कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, दवाखान्यासाठी देणगी मागायला गेलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "मशीन कोणतं पाहिजे?" आम्हाला मशीन नको होतं. पडदे, एक शेड, स्वयंपाकाचे ओटे आणि कोलामी (इथल्या कोलाम आदिवासींची भाषा) बोलणारी एक मदतनीस, एवढंच पाहिजे होतं. हे समजावून सांगण्यातच आमची निम्मी ताकद गेली.

यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका तालुक्यात आमची लहानशी संस्था आहे, मी तिची सचिव. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये आला, तेव्हापासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला जेवण मोफत मिळतं. साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस. तिच्यासोबत आलेल्या आईला किंवा सासूला मात्र काही नाही. ती आवारातल्या कडुलिंबाखाली तीन दगड मांडून भात शिजवते. पाऊस आला की चूल व्हरांड्यात येते आणि मग सफाई कामगाराशी भांडण.

अर्ज लिहिण्याआधी आम्ही वॉर्डात बसून लोकांना विचारलं. "सेवा कशी वाटली?" या प्रश्नाला इकडे एकच उत्तर येतं, "चांगली हाय जी." उद्या त्याच सिस्टरकडून सलाइन लावून घ्यायची असते, माणूस दुसरं काय बोलणार? "काल रात्री कुठे झोपलात?" असं विचारलं की बोलतात. पोडावरून, म्हणजे कोलाम वस्तीवरून, आलेली एक आजी म्हणाली, "तपासते तवा साऱ्यायले दिसते ना बाई! म्हून आमची सून याले तयार नोती." पडदे यादीत वर गेले ते तिच्यामुळे. मदतनीसाची गरजही अशीच कळली. केसपेपर हातात धरून लोक या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होते, रक्त तपासायला कुठे जायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं तरी ते मराठीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारून दवाखाना उभारला. नातेवाइकांना सोबत राहता येईल अशा झोपडीवजा खोल्या तिथे बांधल्या गेल्या. हा दाखला मी प्रस्तावात टाकला आणि कंपनीच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच झालं. असा जवळचा दाखला आकडेवारीच्या दोन पानांपेक्षा उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

आता कागदपत्रं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि कारखाना किंवा खाण ज्या भागात आहे त्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. आमच्या आजूबाजूला कोळसा आणि सिमेंट दोन्ही, म्हणून दारं ठोठावायला जागा होती. पण संस्थेकडे आयकर सवलतीसाठीची 12ए आणि 80जी नोंदणी, अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदणीचा) क्रमांक लागतो. सीएसआर-1 ला सचिवाची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणपत्र हवं. आमचे सीए यवतमाळला. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह मी पर्समध्ये मंगळसूत्रासारखा जपून नेत होते. ऑडिट, ठराव, तीन-तीन कोटेशनं हे सगळं कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

अवघड होतं शेड. सरकारी आवारात पक्कं बांधकाम म्हटलं की सार्वजनिक बांधकाम विभाग, नकाशा, तांत्रिक मंजुरी. वैद्यकीय अधीक्षकांनीच सुचवलं, नटबोल्टचं, सोडवून हलवता येईल असं शेड मागा. तसं मागितलं. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस भाजून निघतो, म्हणून वरून पांढरा रंग आणि आतून बांबूचे तट्टे अंदाजपत्रकात टाकले. तट्ट्यांना कोटेशन कुठून आणायचं, हा वेगळाच किस्सा. बुरडाकडे लेटरहेड नसतं. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती सार्वजनिक प्राधिकरण किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावे करावी लागते. आमचं शेड आणि ओटे रुग्णालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरमध्ये) चढवून घेतले. हे आधीच लिहून दिलं म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सुरळीत मिळाली.

खरी ओढाताण झाली मदतनीसाच्या मानधनावर. कंपनीचा अधिकारी म्हणे, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत पाहिजे, पगार बसणार नाही. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्पावरचा खर्च त्यात धरत नाहीत, हे 2021 च्या सुधारित नियमांतल्या व्याख्येत स्पष्ट आहे. मी ते पान छापून नेलं. आवाज न चढवता, पण टेबलावर ठेवूनच बोलले. वर्षभराचं मानधन मंजूर झालं.

वेळेचंही गणित असतं. कंपन्या वर्षाचा आराखडा सुरुवातीलाच संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतात, म्हणून अर्ज एप्रिल-मेमध्ये पोचलेला बरा. फेब्रुवारीत फोन येतात ते उरलेला पैसा मार्चच्या आत संपवायला, आणि तेव्हा पुन्हा मशीनच गळ्यात मारतात.

पैसे हप्त्याने आले. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि फोटो गेल्याशिवाय दुसरा नाही. त्यांना फलक पाहिजे होता, तोही 'प्रसूती कक्ष' या पाटीपेक्षा मोठा. शेवटी तो शेडच्या खांबावर बसवला.

शेडच्या दिव्यांचं बिल आणि पडद्यांची धुलाई रुग्णालयाच्याच रुग्ण कल्याण समितीने ठराव करून स्वतःकडे घेतली. तो ठराव प्रस्तावालाच जोडला होता, नंतर कोण बघणार हा प्रश्न प्रत्येक देणगीदार विचारतोच. मदतनीस बाईंचं मानधन मात्र एकाच वर्षाचं आहे. पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या कंपनीकडे अर्ज दिलाय. तिथल्या साहेबांनीही 5 टक्क्यांचा मुद्दा काढला, त्यांनाही तेच पान पाठवलं आहे.