लागुना सेका, टेकडीच्या अलीकडून

आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हायवेलगतची भिंत किती उंच बांधावी, गच्चीवरच्या चिलरमुळे शेजाऱ्यांची झोप खरंच उडते का, असली कामं कॅलिफोर्नियातली आमची छोटी सल्लागार कंपनी करते. सुरुवात पुण्यातली. सीओईपीत असताना विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रोडवर मीटर धरून उभा राहायचो. त्यामुळे ‘तुम्हाला आमचा आनंद बघवत नाही’ हे वाक्य मी आता दोन भाषांत ऐकून घेतो आणि दोन्हीकडे मान डोलावतो.

दुसरीकडे मी बाइकवेडाही आहे. कॉलेजात आरएक्स १०० होती आणि तिचा सायलेन्सर कंपनीचा नव्हता, यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही. त्यामुळे लागुना सेका या रेसट्रॅकच्या आवाजाचं काम आलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. काम कोणी दिलं ते सांगता येणार नाही. आकडे ट्रॅकवाले आणि शेजारी, दोन्ही बाजूंना हवे होते, एवढं पुरे.

ज्यांना हा ट्रॅक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माँटेरी आणि सलिनास यांच्या मधल्या टेकड्यांत, हायवे ६८ ला लागून तो आहे. जवळच्या पेबल बीचला पूर्वी झाडांमधल्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. १९५६ साली तिथे एक ड्रायव्हर दगावला, त्या शर्यती बंद झाल्या आणि १९५७ मध्ये फोर्ट ऑर्डच्या लष्करी जमिनीवर हा ट्रॅक उभा राहिला. लांबी जेमतेम ३.६ किलोमीटर, वळणं अकरा. त्यातलं कॉर्कस्क्रू जगप्रसिद्ध. आंधळ्या चढावरून डावीकडे वळलात की पायाखालची जमीनच जाते आणि शंभर-दीडशे मीटरांत साधारण अठरा मीटर खाली उतरता. २००८ साली रॉसी या रायडरनं तिथेच आतल्या मातीतून बाइक घालून प्रतिस्पर्धी स्टोनरला मागे टाकलं. २०१३ मध्ये मार्केझनं तोच डाव त्याच जागी रॉसीवर उलटवला. आणि मार्केझ जिंकला ती इथली शेवटची मोटोजीपी ठरली, म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेल्या बाइकची सर्वोच्च जागतिक स्पर्धा. त्याआधी १९८८ ते १९९४ च्या दरम्यान हीच स्पर्धा ‘ग्रां प्री’ म्हणून इथे येऊन गेली होती, मग २००५ ते २०१३ हा दुसरा डाव. त्यानंतर सगळं ऑस्टिनच्या नव्या, ऐसपैस ट्रॅककडे गेलं. वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या जागतिक स्पर्धेनंही २०१९ नंतर इकडे पाठ फिरवली. आता इथे सर्वात मोठी बाइक शर्यत म्हणजे मोटोअमेरिका, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा. आणि त्या वीकेंडला दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी एकच विषय असतो, मोटोजीपी परत यायला हवी की नको.

मी तो वीकेंड ट्रॅकवर नव्हतो. टेकडीच्या अलीकडे, एका बाईंच्या मागच्या अंगणात होतो.

जुलैतला शनिवार. समुद्रावरून आलेलं धुकं टेकड्यांवर जाड बसलेलं. तिकाटणं लावलं, माइक दीड मीटर उंचीवर घेतला, कॅलिब्रेटर चढवला. कॅलिब्रेटर म्हणजे १००० हर्ट्झची एक शिट्टी, ती मीटरला ९४ डेसिबल दाखवायला लावायची. पटलं, मग माइकवर स्पंजचा गोळा. हे सगळं बाई जाळीच्या दारातून बघत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. कॉफी विचारली नाही. पहिलाच प्रश्न, “तुम्ही रेसवाले की आमच्यातले?”

म्हटलं, मी मीटरवाला.

“म्हणजे रेसवाले,” त्या म्हणाल्या.

असल्या घरी प्रत्येक रेसप्रेमी जे विचारतो ते मी विचारलं नाही, त्यांनीच काढलं. ट्रॅक १९५७ चा, तुम्ही नंतर आलात, मग तक्रार कसली? त्यांचं उत्तर तयार होतं. आम्ही आलो तेव्हा वर्षातून मोजक्या वेळा मोठी शर्यत असायची, त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन बघायला जायचो. आता रोज कोणी ना कोणी ट्रॅक भाड्यानं घेतो. क्लब, शाळा, कंपन्या, हौशी डॉक्टर. मंगळवारीसुद्धा. टेबलावर एक वही होती, तारीख, वेळ आणि शेरा. एका पानावर नुसतं ‘मधमाशी, ९ ते ४’ असं लिहिलेलं.

इथली पद्धत थोडी सांगायला हवी. भाड्याच्या बहुतेक दिवसांना आवाजाची मर्यादा आहे, ट्रॅकपासून पन्नास फुटांवर नव्वदीच्या आसपास. मोठ्या शर्यतींसाठी मोजके दिवस बिनमर्यादेचे. मर्यादेच्या दिवसांत लोक काय करतात ते बाइकवाल्यांना सांगायला नको. एक्झॉस्टच्या तोंडाला वाकडी नळी लावून ते मापन खोलीच्या विरुद्ध दिशेला करायचं, किंवा तेवढ्यापुरता थ्रॉटल सोडायचा. आकडा पास. टेकडीपलीकडच्या माणसाला काडीचा फरक नाही. २०२३ च्या अखेरीस हायवे ६८ च्या शेजाऱ्यांच्या एका संघटनेनं ट्रॅकची मालक असलेल्या काउंटीवर, म्हणजे जिल्हा प्रशासनावर, दावा लावला, तोही मुख्यतः ट्रॅकच्या वाढत गेलेल्या रोजच्या वापरावरून. मोटोजीपीचा त्यात प्रश्नच नव्हता.

सकाळी सुपरबाइकचा सराव सुरू झाला. माझा सहकारी ट्रॅकलगत दुसरा मीटर घेऊन उभा होता, फोनवर तो काय ओरडतोय ते मला कळत नव्हतं. माझ्या मीटरवर आकडा पन्नाशीच्या वर, मधूनच उसळी. धुक्याचा थर असताना वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते, आवाज वर निसटायच्या ऐवजी वाकून परत जमिनीकडे येतो. टेकडीची आड असून नसल्यासारखी. अकराच्या सुमारास ऊन पडलं, जमीन तापली आणि त्याच बाइक, तोच वेग, पण अंगणातला आकडा उतरला. बाईंनाही ते ठाऊक होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. त्यांच्या वहीत सकाळचे शेरे कायम जास्त कडू असत.

खरी गंमत दुपारी झाली. बॅगर्सची शर्यत लागली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना खोटं वाटेल, पण हार्ली आणि इंडियनच्या त्या अजस्र टूरिंग बाइक, बाजूच्या पेट्यांसकट, गुडघे टेकवत कॉर्कस्क्रूमधून खाली येतात. ही शर्यत पहिल्यांदा झाली तीही याच ट्रॅकवर, २०२० साली. लोक अक्षरशः खुर्चीवर उभे राहतात.

माझ्या मीटरवर आकडा सुपरबाइकपेक्षा कमी. बाई मात्र तडक बाहेर आल्या, मला हाताला धरून आत नेलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर माझा तळहात ठेवला. काच थरथरत होती. ओट्यावरच्या बरणीचं झाकण बारीक किणकिणत होतं.

“आता तुझं मशिन काय म्हणतं?”

मशिन म्हणत होतं, सगळं ठीक आहे. आणि इथेच आमच्या धंद्याची मेख आहे. कायद्याचे बहुतेक आकडे ‘ए’ भारात असतात, म्हणजे माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून मीटरही तो कमी धरतो. दोन सिलिंडरचं मोठं इंजिन सहा हजार आरपीएमवर फिरलं की त्याचा मूळ ठोका सेकंदाला शंभर. १०० हर्ट्झला ‘ए’ भार तब्बल १९ डेसिबल वजा करतो. चार सिलिंडरची मोटोजीपी बाइक १८ हजारांवर गेली की तोच ठोका ६०० हर्ट्झवर जातो, तिथे वजावट जेमतेम दोनाची. शिवाय उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो, टेकडीला अडतो. खर्ज टेकडीला वळसा घालतो आणि काचेतून आत येतो. मी मीटर ‘सी’ भारावर टाकला, जो खर्ज जवळपास तसाच धरतो, आणि बाईंना दाखवलं. दोन आकड्यांत वीसहून जास्त फरक. त्यांनी चष्मा चढवून दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि मला तारखेसकट सही करायला लावली. मी केली.

मग कॉफी आली.

आणि प्रश्नही आला. “तुला ती मोठी शर्यत परत हवी आहे ना? खरं सांग.”

मनातलं सांगायचं तर, हवी आहे. २००८ ची ती शर्यत मी पुण्यात मित्राच्या खोलीवर बघितली होती आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात मूर्खासारखे वागलो. पण त्यांच्या अंगणात बसून मी हिशेब केला, मोठ्यानं. मोटोजीपीच्या बाइकला नियमानं परवानगी आहे ती एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर १३० डेसिबलची, तीही एका जागी उभी असताना. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी. तुमचं घर समजा दीड किलोमीटरवर, म्हणजे सुमारे सत्तर वजा, उरले साठ. बावीस बाइक एकाच वेळी धरल्या तर तेरा वाढवा, पूर्ण थ्रॉटल म्हणून आणखी थोडे. मग टेकडीचे वजा, हवेचे वजा. दुपारी दोनला, उन्हात, ती शर्यत तुमच्या या खिडकीला आजच्या बॅगर्सइतकी हलवणार नाही. तीन दिवसांचं काम. तुमच्या वहीत ती दोन पानं भरेल, मंगळवारची मधमाशी अख्खी वही भरते आहे.

“तीन दिवस मी बहिणीकडे जाईन,” बाई म्हणाल्या. “मला तारखा जानेवारीत हव्यात, एवढंच. मग अडलंय कुठे?”

अडलंय दुसरीकडेच. संध्याकाळी सहकाऱ्याचा मीटर उतरवायला ट्रॅकवर गेलो तेव्हा पहिल्या वळणापाशी जाऊन उभा राहिलो. वळण कसलं, पूर्ण वेगात ओलांडायची आंधळी टेकडी आहे ती, आणि कडेला भिंत इतकी जवळ की टीव्हीवर अंदाजच येत नाही. २००५ नंतर रायडरांनी कुरकुर केली म्हणून बऱ्याच ठिकाणी मोकळी जागा वाढवली गेली. पण त्यानंतर बाइकना पंख फुटले, टायर बदलले, ब्रेक बदलले, वेग वाढला. भिंत आहे तिथेच आहे, तिच्यामागे डोंगर. तो कापायला पैसा आणि परवानग्या कोण आणणार? पिट आणि पॅडॉक, म्हणजे संघांचे गाळे आणि तळ, तोकडे. दुसऱ्या डावात इथे फक्त मोठा वर्ग धावायचा, लहान वर्ग आणलेच नाहीत. आता मोटोजीपी म्हणजे तिन्ही वर्गांचा अख्खा तांडा. आणि हायवे ६८ ला बहुतेक ठिकाणी यायला एक पदर, जायला एक पदर. त्या शनिवारी मला ट्रॅकपासून मुख्य रस्त्याला लागायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शर्यतीचे वीस लॅप झाले असते.

म्हणून माझं मत, आणि ते माझ्या बाइकवेड्या मित्रांना मुळीच आवडलेलं नाही: मोटोजीपी इथे परत आणू नये. वर्ल्ड सुपरबाइक मात्र जरूर आणावी. रस्त्यावरच्या बाइकवरून घडवलेल्या मशिन, लवाजमा आटोपशीर, आणि २०१९ पर्यंत त्या इथे धावतच होत्या. २०२३ मध्ये ट्रॅकवर नवं डांबर पडलंय. ‘जागतिक अजिंक्यपद’ ही पाटी तर सुपरबाइकवरही लागते. सगळे जण रॉसी-स्टोनरची क्लिप दाखवून वाद घालतात, पण ती क्लिप दिसते तशी दिसते ते ट्रॅक अरुंद आणि अवघड आहे म्हणूनच. मोटोजीपीसाठी तो सपाट आणि रुंद करायचा, मग परत कशासाठी यायचं?

कॉर्कस्क्रूनंतरच्या वळणाला वेन रेनीचं नाव आहे. हा माणूस इथे लागोपाठ तीन वर्षं जिंकला, १९९३ मध्ये मिसानोला पडून छातीखाली अधू झाला, आणि २०१५ पासून मोटोअमेरिका चालवतो. म्हणजे बाईंची खिडकी हलवणाऱ्या बॅगर्सचा कारभारीही तोच. त्याच्याबद्दलचा माझा आदर यानं तसूभरही कमी झालेला नाही, पण बॅगर्सची वेळ सकाळी लावू नका एवढं मात्र मी त्याला सांगेन.

अहवालात मत मागितलेलं नव्हतं, दिलंही नाही. ‘ए’ भाराचे आकडे मर्यादेत होते, तसं लिहिलं. ‘सी’ भाराचा तक्ता आणि पट्टीनिहाय आलेख परिशिष्टात घातला. वरिष्ठांनी विचारलं, हे कोणी मागितलं होतं का? म्हटलं, नाही, पण कोर्टात गेलं तर पहिलं हेच मागतील. ते थोडा वेळ आलेख बघत राहिले, मग परिशिष्टाऐवजी मुख्य भागात घे म्हणाले. अहवालाची प्रत मिळाल्यावर बाईंचा मेल आला. आकड्यांबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या वर्षी बॅगर्स किती वाजता आहेत, एवढीच विचारणा, आणि एखादा मीटर विकत घ्यायचा झाला तर ‘सी’वाला साधारण कितीला पडतो.