आमची वाटचाल : भोंगे, बेस आणि दोन टर्नटेबल

१९६८ साली अप्पांनी नाशिकच्या भद्रकालीत ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचे दुकान थाटले, तेव्हा दोन भोंगे, आहुजाचा एक अँप्लिफायर आणि सामान वाहायला एक सायकल एवढेच त्यांचे भांडवल होते. गंगेवरची, म्हणजे गोदाकाठची, कीर्तने, उन्हाळ्यातील व्याख्याने, लग्ने आणि निवडणुकीच्या सभा यांवर घर चालत असे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द कळला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या मुलावर कान झाकायची वेळ येता कामा नये, हा त्यांचा नियम होता. पुढे मी या दुकानात जे संगीत आणले ते अप्पांना कधी आवडले नाही, पण ते कसे वाजवावे हे मी त्यांच्याच नियमातून शिकलो.

ते संगीत माझ्यापर्यंत १९८९ साली एका कॅसेटमधून आले. माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत होता. त्याने कुठल्याशा बंदरावर भरून घेतलेल्या त्या कॅसेटवर बॉलपेनने फक्त ‘शिकागो’ असे लिहिले होते. दुकान बंद झाल्यावर मी ती दुरुस्तीला आलेल्या एका बेस बॉक्सवर, म्हणजे खालचे जड आवाज देणाऱ्या स्पीकरवर, लावली. त्यात मुखडा नव्हता, अंतरा नव्हता. मिनिटाला साधारण १२० या गतीने एकसारखा पडणारा ठोका होता आणि त्यावर दोन-तीन मिनिटांनी एखादा नवा आवाज अलगद येऊन बसत होता. हे गाणे संपत का नाही, असे आधी वाटले आणि मग ते संपूच नये असे वाटू लागले. त्या रात्री मी ती कॅसेट चार वेळा ऐकली.

त्या शब्दामागचा इतिहास कळायला मला पुढची अनेक वर्षे लागली. शिकागोमध्ये वेअरहाऊस नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवत असत आणि त्या क्लबाच्या नावावरूनच या संगीताला ‘हाउस’ हे नाव पडले, असे मानले जाते. तिथे येणारी मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि त्यांतली बरीचशी समलिंगी होती. शहरात इतरत्र ज्यांना मोकळेपणाने नाचता येत नव्हते, त्यांनी ही एक खोली आपली केली होती. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या शाळासोबत्यांनी यंत्रांच्या आवाजातून टेक्नो घडवले. अशा संगीताला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. अंडरग्राउंड म्हणजे काहीतरी चोरटे, असा आपल्याकडे समज आहे आणि मला तो फार खटकतो. जे संगीत रेडिओ आणि चित्रपट यांच्या आधाराशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जाते, ते अंडरग्राउंड. माझ्याकडे ते तसेच आले होते.

१९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या ८०८ (ठेक्याचे) आणि ३०३ (बेसचे) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्याची रेकॉर्ड काढली होती, हे मात्र मला ती २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावरच कळले. जी यंत्रे पुढे शिकागोच्या मुलांनी हाताळली, त्यांवर भैरव आणि ललत आधीच वाजून झाले होते, आणि तेही आमच्या पंचवटी एक्स्प्रेसच्या शेवटच्या स्टेशनाच्या गावात! हे वाचले त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाला ते सांगितले.

१९९७ साली मी मुंबईहून टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलांची, म्हणजे रेकॉर्ड फिरवून वाजवणाऱ्या यंत्रांची, वापरलेली जोडी विकत घेतली. नव्या जनरेटरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून घेतल्यामुळे अप्पा महिनाभर माझ्याशी मोजकेच बोलत होते. आईच्या दोन गोधड्यांत गुंडाळून, मांडीवर आळीपाळीने घेऊन मी ती यंत्रे नाशिकला आणली. यात मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये पट्टा नसतो, तबकडी थेट मोटरवरच फिरते, आणि क्वार्ट्झ स्फटिकाच्या नियंत्रणामुळे मंडपातील वीज कमीजास्त झाली तरी गती ढळत नाही. सोबतच्या पट्टीने ती आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त करता येते. एका कानाने चालू रेकॉर्ड आणि दुसऱ्या कानाने हेडफोनमधली पुढची रेकॉर्ड ऐकत, तबकडीच्या कडेला बोटाचा हलका स्पर्श देऊन दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायचे असतात. ते बसले नाहीत तर घोडे अडखळल्यासारखा आवाज येतो. माझा हात बसायला दोन वर्षे लागली. आमच्या गल्लीतील ढोलपथकातला एक मुलगा हे रोज पाहायला येई. टिपरू आणि थापी सांभाळणाऱ्या त्या मुलाला मी शिकवायच्या आतच दोन्ही रेकॉर्ड जुळवता आल्या. तो आज आमचा मुख्य ऑपरेटर आहे.

याच काळात आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला. तो रेकॉर्ड वाजवणारा माणूस राहिला नाही, ट्रकवर रचलेली बॉक्सची भिंत झाला. आम्हीही ती भिंत उभी केली, हे लपवण्याचे कारण नाही. २००५ च्या विसर्जन मिरवणुकीत एका अरुंद गल्लीत आमचे अठरा इंची बेस पूर्ण ताकदीने चालू असताना एका जुन्या वाड्याच्या माडीवरची कौले घसरून खाली आली. सुदैवाने कोणाला लागले नाही. ओटीवर एक आजी दोन्ही हातांनी कान दाबून बसल्या होत्या आणि त्यांचा नातू त्यांना आत नेण्याचा प्रयत्न करत होता. आवाज माझ्याच हाताखाली होता आणि तो मी वेळेत कमी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी कौलांचे पैसे देऊन आलो आणि मिरवणुकीची ऑर्डर पुन्हा घेतली नाही. गणपतीच्या दहा दिवसांत वर्षाच्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा येत असे. तो गेला, दोन हेल्पर सोडून गेले आणि एका मंडळाने मागची बाकीही बुडवली. कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि लग्नातील संगीत संध्या यांवर आम्ही पुन्हा उभे राहिलो, पण त्याला तीन वर्षे लागली.

आणि मग सप्टेंबर २००८ चा पूर आला. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, पाणी सराफ बाजारात शिरले आणि तळमजल्यावरच्या आमच्या गोदामात छातीएवढे चढले. अँप्लिफायर गेले त्याचे दुःख झाले, पण खरा जीव अडकला होता तो सहाशे रेकॉर्डमध्ये. पुठ्ठ्याची पाकिटे लगदा होऊन तबकड्यांना चिकटली होती. रेकॉर्डच्या व्हिनाइल प्लास्टिकला पाण्याने काही होत नाही; त्याला मारतात ते ऊन आणि खाचांतील गाळ. म्हणून आम्ही गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले, त्यात सौम्य साबणाचे थेंब टाकले आणि मऊ मलमलीने, खाचांच्या दिशेनेच, एकेक तबकडी पुसून ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवली. अप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते तेरा दिवस रोज सकाळी खुर्ची टाकून बसत आणि त्यांना न आवडणाऱ्या संगीताच्या तबकड्या पुसत. बहुतेक लेबले निघून गेली होती, त्यामुळे मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले बारीक क्रमांक भिंगातून वाचून आम्ही नावे जुळवली. काहींवर तेही दिसत नव्हते. त्या मी वाजवून, कानानेच ओळखल्या.

आज आमचे गोदाम नाशिकच्याच अंबड भागात, पहिल्या मजल्यावर आहे. २०११ पासून दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी गंगापूर रस्त्यावरील एका शेतघराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही नाचाची बैठक भरवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, म्हणून आमची रात्र दुपारी चारला सुरू होते आणि पावणेदहाला शेवटची रेकॉर्ड उतरते. तिथे दारू नसते. ताक, चहा आणि कांदाभजी असतात. न्यूयॉर्कच्या पॅराडाईज गराज या क्लबात डीजे लॅरी लेव्हान वाजवत असत तेव्हा तिथेही दारू मिळत नसे आणि लोक सकाळपर्यंत नाचत. पहिल्या बैठकीला एकोणीस जण आले होते, त्यांतले सात आमच्याच घरचे. आता दीडशेला नोंदणी थांबवावी लागते. कारखान्यातून पाळी संपवून थेट येणारी मुले आहेत, द्राक्षबागायतदार आहेत आणि गुडघ्याला पट्टा बांधून येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिकाही आहेत.

पत्र्याच्या शेडमध्ये बेस सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे. सेकंदाला ५० कंपनांच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या, आवाजाच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर भरते. बेस बॉक्स डावीकडे आणि उजवीकडे विभागले की दोन्हींच्या लाटा एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात, आणि नाचणाऱ्याला दोन पावलांवर ठोका हरवल्यासारखा वाटतो. आम्ही सगळे बेस मध्यभागी एकत्र ठेवतो, कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करतो आणि मीटरचा आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता आले पाहिजे, यावर मी अडून बसतो.

ही मोजमापे आता माझी मुलगी करते. तिने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले असून गेल्या वर्षी १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायमध्ये तिने आमचे स्वतःचे चार बेस बॉक्स बांधले. त्यांची पहिली चाचणी घेताना तिने मला विचारले, “बाबा, कुठली रेकॉर्ड लावू?” मी तिला पुराच्या गाळाचा तांबूस डाग असलेली, लेबल नसलेली एक तबकडी काढून दिली. दुसऱ्या मिनिटाला बेस आला, तेव्हा ती मीटर हातात घेऊन शेडच्या दारापर्यंत चालत गेली आणि तिथूनच तिने हात वर केला. ठोका दारापर्यंत सारखा पोचत होता.