मिक्स्ड टीमचा सराव, सातारा: आता आधी ताई, मग मी

मागच्या नोंदीत पॅरा तिरंदाजीत ताई आणि माझी जोडी जमली एवढंच लिहिलं होतं. आता दाखवायला आकडे आहेत. १६ बाणांत १६० पैकी आम्ही १४० च्या आसपास घुटमळत होतो. हल्ली १४५ च्या खाली सहसा येत नाही, एकदा तर १४९ पडले. गंमत म्हणजे दोघांच्याही ७२ बाणांच्या वैयक्तिक स्कोअरमध्ये तसा फरक नाही. वाढलंय ते जोडीचंच.

नव्यांसाठी थोडक्यात: एक पुरुष, एक महिला, दोघं एकाच प्रकारातले. आमचा कंपाऊंड ओपन, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम (चाकं) असतात तो प्रकार. अंतर ५० मीटर, चार एंड (फेऱ्या), एंडला चार बाण म्हणजे प्रत्येकी दोन, आणि त्यासाठी ८० सेकंद. मॅचमध्ये आपल्या दोघांचा एकेक बाण गेला की आपलं घड्याळ थांबतं, समोरची जोडी मारते, मग आपलं घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढं. रिकर्व्ह म्हणजे बिनचाकांच्या धनुष्यवाल्यांचे ७० मीटर आणि सेटचे गुण, तो हिशेब वेगळा. आपल्याकडं सरळ बेरीज. सात गुणांचा एक बाण पडला की शेवटपर्यंत नडतो.

आता मुद्द्याचं. सगळे सांगतात, जो झटपट मारतो त्याला पुढं घाला, म्हणजे मागच्याला वेळ उरतो. झटपट मारणारा मी. पोलिओचा पाय, स्टुलावर बसतो, पीपमधून (दोरीतल्या बारीक भोकातून) टार्गेटचं मधलं पिवळं दिसलं की फार रेंगाळत नाही. ताई कोरेगावकडच्या, व्हीलचेअरवरून मारतात. मणक्याच्या दुखापतीमुळं त्यांचा पाय मधेच ताठरतो, मग ओढलेली दोरी सावकाश परत सोडायची, पाय शांत होऊ द्यायचा आणि पुन्हा ओढायचं. यात दहा-बारा सेकंद सहज जातात. कागदावर त्यांना मागं ठेवणंच बरोबर. पण ताई एक दिवस वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही उरकता हो, पण माझी पाळी येईस्तोवर मला टार्गेट सोडून घड्याळच दिसाय लागतं."

मग क्रम उलटा केला. ताई आधी. दोरी परत सोडावी लागली तरी समोर भरपूर वेळ, त्यामुळं त्या घाई करत नाहीत, आणि घाई नाही म्हटल्यावर दोरी परत सोडायची वेळही कमी येते. मला बारा सेकंद उरले तरी भागतं. त्यांचे सात पडायचे जवळजवळ थांबले. माझ्या मते वेगापेक्षा घड्याळ कुणाला चावतं ते बघून क्रम लावावा.

दुसरी सुधारणा बसण्याची. ताई डावखुऱ्या, मी उजवा. टार्गेटकडं तोंड करून पाहिलं तर मी डावीकडं आणि ताई उजवीकडं बसलो की आम्ही समोरासमोर येतो. उलट बसलो तर पाठीला पाठ. आधी पाठीला पाठ होती, त्यामुळं बाण सुटला की नाही ते आवाजावरूनच ओळखायचं. उसाचा हंगाम असल्यानं रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून जातात, त्यात कसला आवाज नि कसलं काय! आता बाण सुटला की ताई हात वर करतात, मला समोर दिसतं. दोघंही लाईनवरच बसून असल्यानं उठून जागा बदलायचा प्रश्न नाही. ताईंच्या धनुष्याचा खालचा कॅम मात्र गुडघ्याला घासायचा. खुर्ची जराशी तिरकी लावली, तेव्हा मोकळा झाला. माझ्या स्टुलाचा एक पाय मुरमात रुततो म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा. तो नसला की स्कोपमधला (नेमाच्या भिंगातला) पातळी दाखवणारा बबल एका बाजूला पळालाच.

सरावाच्या शेवटी शूटऑफ (बरोबरी फोडायचे जादा बाण) ठरलेला: ४० सेकंद, एकेक बाण, बरोबरी झाली तर मध्याच्या जवळ कोण ते पाहायचं. पॅरिस पॅरालिंपिकला २०२४ मध्ये आपले शीतल देवी आणि राकेश कुमार सेमीफायनलला इराणशी १५२-१५२ बरोबरीत राहिले आणि शूटऑफमध्ये हरले. त्यानंतर स्वतःला सावरून ब्राँझच्या मॅचला इटलीच्या सार्ती-बोनाचिना जोडीला १५६-१५५ नं हरवलं. १५६ म्हणजे १६ बाणांत कमीत कमी बारा दहा! आमच्या १४९ ला अजून सात गुणांची मजल आहे आणि ते सात आमच्यासाठी फार लांब आहेत, हे ठाऊक आहे.

साताऱ्यात कंपाऊंड म्हटलं की लोक अदिती स्वामीचं नाव घेतात, २०२३ ची जगज्जेती, घेणारच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला कंपाऊंड मिक्स्ड टीम येणार म्हणून मैदानावरची पोरं खूश आहेत. आम्ही त्यांना चिडवतो, पॅरालिंपिकला हे २०१६ च्या रिओपासून आहे बाबांनो, आमच्या मागनं या.

अडलंय ते वाऱ्यापाशी. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की ताईंचा पहिला बाण हाच माझा अंदाज. त्या "तीन वाजता नऊ" (घड्याळातल्या तीनच्या बाजूला, म्हणजे उजवीकडं, नऊ गुणांत) एवढंच सांगतात, मी तेवढं डावीकडं धरतो. मला फायदा होतो, त्यांना काहीच नाही. सध्या आमचे प्रशिक्षक सर मागून दुर्बिणीतून आधीच्या एंडचं सांगतात, पण वारा तोवर बदललेला असतो. तुमच्यापैकी कुणाच्या जोडीत पहिल्या बाणाला वारा कोण बोलतं, आणि किती शब्दांत, ते लिहा. पुढच्या महिन्यात मुद्दाम दुपारीच सराव ठेवलाय.