इंदूरचा सहा कप्प्यांचा कचरा

आत्याकडे इंदूरला आलेय. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली आणि मी एकच पिशवी घेऊन खाली निघाले, तर आत्याने जिन्यातच अडवलं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक कचरा, गाडीला सगळ्यांचे कप्पे वेगळे! "अगं, मिसळलेलं घेत नाहीत ते," आणि वर "काय तुम्ही पुणेकर" हेही ऐकून घेतलं.

२०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सलग पहिलं आलं. २०२३ला सुरतसोबत विभागून, तिसरी नवी मुंबई (तेवढीच आपली लाज राखली). पण मला क्रमांकापेक्षा देवगुराडियाचा प्रकल्प भारी वाटतो. रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकेल असा, त्यातून बायो-सीएनजी आणि त्यावर शहराच्या बस. ओला कचरा नीट वेगळा केला नाही तर तो गॅस नीट निघणार नाही, म्हणून आत्याची कडक शिस्त.

रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाल्ला. तुडुंब गर्दी, तरी पायाखाली द्रोण नाही. आपल्याकडे सर्वेक्षणाची टीम येणार म्हटलं की आधी भिंती रंगवतात. कचरा तिथेच, भिंतीखाली.