तुम्ही विचारलंत म्हणून : काहीच होत नाही, मग बीपीची गोळी कशाला?

“डॉक्टर, माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दोन जिने एका दमात चढतो. मग ही गोळी कशाला, आणि तीही कायमची?” तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, शिक्षक असतात, बँकेतले अधिकारी असतात आणि एकदा एक औषधविक्रेतेही होते. प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. शरीराला काही झाले की ते दुखून सांगते, हा प्रत्येकाचा जन्मभराचा अनुभव आहे, आणि त्याच अनुभवाला धरून माणूस विचारत असतो.

अडचण अशी की रक्तदाबाच्या बाबतीत हा अनुभव उलटा पडतो. दाब हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जातो तेव्हा मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या आकसून, आपल्या भिंती जाड करून त्या दाबाशी जुळवून घेतात, आणि त्यामुळे आत पोहोचणारे रक्त पूर्वीइतकेच राहते. माणसाला काहीच जाणवत नाही. उलट गोळी सुरू करून दाब उतरू लागला की त्या जुळवून घेतलेल्या शरीराला पहिले काही दिवस गळल्यासारखे वाटते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणजे दाब १८० असताना बरे वाटत होते आणि १४० झाल्यावर बरे वाटत नाही! अशा वेळी गोळीच बाधते असे रुग्णाने ठरवले, तर मी त्याला दोष देत नाही. दोष आमचा आहे, कारण पहिली गोळी लिहून देताना हे दोन वाक्यांत सांगण्याइतका वेळ आम्ही काढत नाही.

आणि हा गैरसमज एकेकाळी डॉक्टरांचाही होता. धमन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो उतरवला तर मेंदू आणि मूत्रपिंडे उपाशी राहतील, असे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामवंत वैद्य मानत असत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला, आणि त्यानंतरही दुसऱ्या महायुद्धाचा कारभार चालवत ते चौथ्यांदा निवडून आले. १२ एप्रिल १९४५ रोजी मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला असह्य दुखत असल्याचे सांगून ते कोसळले आणि काही तासांत मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी दाब ३०० च्या वर होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाजवळ डॉक्टर होते, पण उपयोगी पडेल अशी गोळी नव्हती.

तशी गोळी ज्या वनस्पतीतून पुढे आली तिचे नाव आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते : सर्पगंधा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, त्यांचे आकडे काटेकोरपणे नोंदवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला, आणि या औषधाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन हे दाब उतरवणारे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज आमच्या मुंबईतल्या किती वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत असेल, याचा विचार केला की मन खट्टू होते.

पण दाब उतरतो एवढ्याने रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आकडा उतरल्याने माणूस वाचतो का, हे कोणीतरी दाखवायला हवे होते. ते डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दाखवले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यांनी निवडले. त्यांतल्या ७३ जणांना रेसरपिनसह तीन औषधे आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. सरासरी दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा औषध नसलेल्या गटात २७ गंभीर घटना घडल्या होत्या आणि औषध घेणाऱ्यांत २. या १४३ जणांवरचा प्रयोग वेळेआधी थांबवावा लागला, कारण उरलेल्यांना औषधाविना ठेवणे अन्यायाचे झाले असते. हा निबंध १९६७ चा. बीपीच्या गोळीबद्दल माझ्या मनात जी खात्री आहे ती या २७ आणि २ पासून सुरू होते, औषध कंपनीच्या माहितीपत्रकापासून नव्हे.

काहीच जाणवत नसते त्या काळात शरीराच्या आत नेमके काय चाललेले असते, ते मी रुग्णाला सांगण्यापेक्षा त्याच्या नातेवाइकाला दाखवतो. खोलीतला दिवा मालवून, डोळ्याच्या आत बघायचा ऑफ्थॅल्मोस्कोप रुग्णाच्या बाहुलीसमोर धरला की दृष्टिपटल नारिंगी प्रकाशात उजळते आणि त्यावर लालसर धमन्या व किंचित गडद शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. शरीर न कापता रक्तवाहिन्या उघड्या बघता येतील अशी ही एकच जागा. निरोगी डोळ्यात धमनी शिरेवरून जाते तिथे शीर अखंड दिसते. जुन्या रक्तदाबात धमनी तांब्याच्या तारेसारखी चकाकते आणि तिच्याखालची शीर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी दबते. पुढे ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे ठिपके येतात, कापसाच्या बोळ्यासारखे पांढरट डाग येतात. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी या बदलांच्या चार पायऱ्या केल्या. त्यांच्या चौथ्या पायरीवरचे रुग्ण तीन वर्षांनंतर शंभरातले सहाच हयात होते. त्या काळी उपचार नव्हता, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा. जे डोळ्यात दिसते तेच मूत्रपिंडात आणि मेंदूतही घडत असते, फक्त तिथे आपल्याला डोकावता येत नाही. मूत्रपिंडाची निम्मी कार्यशक्ती जाईपर्यंत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीचा, अहवाल नॉर्मलच येऊ शकतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत, व्यायामशाळेतल्या दंडासारखी, जाड होते. मात्र दंडाला विश्रांती मिळते आणि हृदयाला नाही.

दाब किती असला म्हणजे धोका, यावर २००२ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा आकडा २० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण ११५ पासूनच सुरू झालेली असते. पुढे २०१५ च्या ‘स्प्रिंट’ अभ्यासात, मधुमेह नसलेल्या ९,३६१ लोकांत, वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली उतरवल्याने मृत्यू आणखी कमी झाले. तरीही मी प्रत्येकाचा दाब १२० च्या खाली आणण्याचा आग्रह धरत नाही. त्या अभ्यासात रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून यंत्राने दाब मोजत असत, तर आमच्याकडे माणूस एसटीतून उतरून धापा टाकत येतो आणि लगेच दंडाला पट्टा बांधला जातो. या दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. उठताना तोल जाणाऱ्या ऐंशीच्या आजींच्या बाबतीत तर मी फार सावकाश जातो.

आता ‘कायमची का’ याबद्दल. बहुतेकांच्या रक्तदाबामागे बरे करून टाकता येईल असे एकच कारण सापडत नाही. गोळी दाब धरून ठेवते, रोग उपटून काढत नाही. ती बंद केली की दाब काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत पुन्हा जुन्या जागी जातो. याला सवय लागणे म्हणत नाहीत. चष्मा काढल्यावर अंधुक दिसले तर आपण चष्म्याची सवय लागली असे म्हणतो का?

एका निवृत्त गुरुजींच्या पत्नी काही वर्षांपूर्वी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. गुरुजी तेव्हा पलीकडच्या खोलीत, उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेत दाखल होते. डब्यात मी आठ महिने लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, तारखेनुसार रबरबँड लावून ठेवलेल्या, एकही गोळी न फोडलेली. दर महिन्याला ते नेमाने औषध विकत घेत, कारण घरच्यांनी विचारले तर दाखवायला हवे. मी त्यांना “गोळ्या चालू आहेत ना?” असे विचारत होतो आणि ते “हो” म्हणत होते. “न घेता राहावंसं का वाटतं?” असे एकदाही विचारले नाही. तेव्हापासून मी तसेच विचारतो.

गुरुजी आता काठीने चालतात. डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. मिठाचे लोणचे आणि पापड सोडले, सात किलो वजन उतरवले आणि त्यामुळे दोन गोळ्यांपैकी एक आम्हाला खरोखरच बंद करता आली. दुसरी चालू आहे.