कोणाला कळणारही नाही

कानाच्या मशीनच्या दुकानाबाहेर ‘कोणाला कळणारही नाही’ अशी पाटी परवा दुपारी वाचली आणि अण्णांची आठवण झाली, कारण अण्णांचे मशीन साऱ्या आळीला ठाऊक होते. ती चपटी पेटी बंडीच्या खिशात असे आणि तिची वायर गळ्यावरून कानापर्यंत जाई. कापड घासले की त्यांच्या कानात खरखर होई, म्हणून महत्त्वाचे बोलणे असले की ते पेटी हातात धरून समोरच्याच्या तोंडापुढे नेत. सुनांची वादावादी सुरू झाली की मात्र खिशातले आवाजाचे चाक अंगठ्याने हळूच मागे फिरे.

तरी ती पेटी म्हणजे चैनच. अमेरिकेतल्या मिलर रीझ हचिसनने १८९८ च्या सुमारास केलेले विजेचे श्रवणयंत्र टेबलावर ठेवावे लागे. आवाजाच्या दाबाने कोळशाच्या कणांतला विद्युतप्रवाह कमीजास्त व्हावा, ही त्यातली युक्ती टेलिफोनचीच. त्यामुळे बोलण्यासोबत कोळशाची खरखरही ऐकावी लागे. याच गृहस्थाने पुढे मोटारीचा क्लॅक्सन हॉर्न काढला, तेव्हा आधी बहिरे करायचे आणि मग यंत्र विकायचे, अशी त्याची थट्टा झाली.

१९२० नंतर आवाज वाढवणाऱ्या निर्वात नळ्या आल्या. आवाज सुधारला, पण नळीची तार तापवायला एक बॅटरी आणि उच्च दाबासाठी दुसरी, असे ओझे अंगावर वागवणे आले. डिसेंबर १९५२ मध्ये सोनोटोन कंपनीने दोन नळ्यांच्या जोडीला, नळीचेच काम करणारा एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवला. रेडिओत शिरण्याआधी ट्रान्झिस्टर कानाच्या यंत्रात शिरला, याचे मला अजून नवल वाटते. बहिऱ्यांचा शिक्षक असलेल्या ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ बेल कंपनीने या यंत्रांपुरते आपल्या ट्रान्झिस्टरच्या पेटंटचे शुल्क माफ केले होते.

तिथून पुढची धडपड बरीचशी यंत्र लपवण्याचीच झाली आणि ती मला पटत नाही. अण्णांची वायर पाहून परका माणूसही समोर येऊन सावकाश बोले. आईचे मशीन केसांआड असते, त्यामुळे काउंटरवरचा कारकून पाठ वळवून पुटपुटतो आणि वर ‘आजी, लक्ष कुठे आहे?’ असे विचारतो. पुढचे मशीन चांगले लालभडक घेऊ, असे मी तिला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, “नको रे, लोक काय म्हणतात ते आता मला ऐकू येतं.”