ह्युस्टनचं पिस्तूल, जर्सीचा पत्ता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत येतो, आवाज जरा खाली आणून: ‘तुम्ही टेक्सासहून न्यू जर्सीला आलात ना? मग ती बंदूक कशी आणलीत?’ विचारणारे दोन प्रकारचे. एकांना नुसती गंमत वाटते. दुसऱ्यांच्या हातात ऑस्टिनहून बॉस्टनला किंवा डॅलसहून शिकागोला जायचं ऑफर लेटर असतं आणि कपाटात एक कुलूपबंद पेटी असते. हे त्या दुसऱ्यांसाठी. आणि हो, बंदूक माझी आहे, नवऱ्याची नाही. तो नेमबाजीच्या रेंजवर येतो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून क्रिकेट बघतो.

माझे आजोबा कुडाळकडचे. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक त्यांच्याकडे होती, रानडुकरं आणि माकडांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकाल लागल्यावर सोडवून आणायची. बंदूक म्हटलं की कागद, असंच मी लहानपणापासून पाहिलेलं. ह्युस्टनमध्ये एका सहकाऱ्याच्या शेतावर पुन्हा तीच रानडुकरं भेटली आणि मी नेमबाजी शिकले. पण कागद जवळपास गायब. दुकानात एक केंद्रीय फॉर्म भरायचा, दुकानदार पार्श्वभूमी तपासून घेतो, हिरवा कंदील मिळाला की पैसे देऊन बाहेर. विकत घ्यायला राज्याचा परवाना नाही, नोंदणी नाही. १ सप्टेंबर २०२१पासून तर बहुतेक सज्ञान माणसांना पिस्तूल जवळ बाळगून फिरायलाही परवाना लागत नाही. आजोबांनी हे पाहिलं असतं तर ‘पावती कुठाय?’ एवढंच विचारलं असतं.

मग मध्य जर्सीतल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली.

इथे एक गोष्ट नीट डोक्यात बसवा, कारण सगळा गोंधळ तिच्याशी आहे. अमेरिकेत वर केंद्राचा पातळसा कायदा आणि खाली पन्नास राज्यांचे पन्नास जाडजूड कायदे. तुम्ही वस्तू कुठे आणि किती कायदेशीरपणे घेतलीत याची नव्या राज्याला फारशी पर्वा नसते. आज ती तुमच्याकडे कुठल्या पत्त्यावर आहे, एवढंच ते बघतं. टेक्सासचा जवळ बाळगण्याचा परवाना न्यू जर्सीत रद्दी आहे. नुसता टेक्सासचाच नव्हे. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही.

म्हणून मी सामान बांधायच्या आधी पेटी उघडून बसले. ए-आर धाटणीची, म्हणजे सैनिकी रायफलीसारखी दिसणारी रायफल होती, ती पहिली बाहेर काढली. न्यू जर्सीत १९९०पासून ‘असॉल्ट फायरआर्म्स’चा कायदा आहे, त्यात नावानिशी यादी आहे, आणि यादीत नाव नसलं तरी ‘जवळपास तसंच’ असलेलंही त्यात धरतात. त्या ‘जवळपास’चा अर्थ कोर्टात लावत बसायची मला हौस नाही. पिस्तूल चालणार होतं, पण त्याची सतरा गोळ्यांची मॅगझिन्स, म्हणजे गोळ्या भरायचे कप्पे, नाही. २०१८पासून तिथे दहा गोळ्यांची मर्यादा आहे, आणि जास्तीची रिकामी मॅगझिन नुसती घरात असली तरी गुन्हा. रायफल आणि मॅगझिन्स ह्युस्टनच्याच दुकानदाराला विकली आणि पिस्तुलासाठी दहाची मॅगझिन्स घेतली. राहिल्या हॉलो पॉइंट गोळ्या, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, लागल्यावर पसरणाऱ्या. टेक्सासमध्ये घरात लोक सर्रास याच ठेवतात. न्यू जर्सीत त्या घरात ठेवता येतात, रेंजवर नेता येतात, पण या ठरावीक सवलतींबाहेर सापडल्या की वेगळा गुन्हा. मी त्या एका मैत्रिणीला देऊन टाकल्या. साध्या गोळ्या कुठेही मिळतात.

लोकांना हे विकणं जिवावर येतं. ‘एवढे डॉलर घातलेत, नेऊन तर बघू.’ न्यू जर्सीत बेकायदा पिस्तूल बाळगल्याची किमान शिक्षा, तडजोड झाली नाही तर, बेचाळीस महिने आहे. एवढं सांगितल्यावर डॉलरचा विषय बहुधा तिथेच थांबतो.

आता प्रवास. सामान हलवणाऱ्या कंपनीने पहिल्याच फोनवर सांगितलं की शस्त्र आणि दारूगोळा ते घेत नाहीत. पिस्तूल टपालाने सामान्य माणसाला पाठवता येत नाही. विमानाने नेता येतं: रिकामं, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर स्वतःहून सांगून. पण विमान चुकलं किंवा भलत्याच शहरात उतरलं तर काय होतं ते २००५मध्ये युटाच्या एका प्रवाशाला कळलं. तो पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला निघाला होता, न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान हुकलं, बॅग ताब्यात घेऊन रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर परत गेला आणि नियमाप्रमाणे स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे. अटक. विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीवर त्याने दावा लावला तो २०१०मध्ये अपील कोर्टातही हरला, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती.

हाताशी असणं, सगळी मेख इथे आहे. १९८६चा केंद्रीय कायदा वाटेतल्या राज्यांतून जायला संरक्षण देतो, पण अटी पाळल्या तरच. जिथून निघालात आणि जिथे पोचणार आहात, दोन्हीकडे ते शस्त्र बाळगायचा तुम्हाला हक्क हवा. ते रिकामं हवं. शस्त्र आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटमधला कप्पा ही पेटी धरत नाहीत, त्याला कुलूप असलं तरी.

म्हणून मी आमची सेडान घेतली. नवरा मोठ्या गाडीतून कुंड्या आणि सासूबाईंचे देव घेऊन आला. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियाचा एक कोपरा, टेनेसी, मग आय-८१ महामार्ग धरून व्हर्जिनियाची लांबच लांब दरी. मुक्काम मुद्दाम टेनेसी आणि व्हर्जिनियात केले. त्यानंतर नकाशा आखडतो: वेस्ट व्हर्जिनियाचे सव्वीसेक मैल, लगेच मेरीलँडचे जेमतेम बारा. मेरीलँडचे कायदे कडक आहेत, पण त्या बारा मैलांत मी पाणी प्यायलाही थांबले नाही. पेट्रोल पेनसिल्व्हेनियात भरलं आणि आय-७८ने डेलावेअर नदी ओलांडून जर्सीत शिरले. तिथून थेट घर. न्यू जर्सीच्या कायद्यात एका राहत्या घरातून दुसऱ्या घरात हलताना शस्त्र नेण्याची सवलत आहे. पण ‘हलताना’ म्हणजे हलतानाच. अर्धं सामान मित्राकडे, अर्धं गाडीत, आठवडाभर इकडेतिकडे, असं नाही.

याबाबतीत ब्रायन एटकेनचं नाव तिकडच्या वकिलांच्या तोंडी असतं. कोलोरॅडोत रीतसर घेतलेली पिस्तुलं, न्यू जर्सीत बस्तान हलवण्याच्या मधला काळ, २००९मध्ये गाडीच्या डिकीत ती सापडली. बचाव हाच की मी घर बदलतोय. घर हलवण्याच्या त्या सवलतीबद्दल ज्युरीने विचारलं, पण न्यायाधीशांनी ती त्यांना समजावून दिली नाही. २०१०मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ती कमी करून त्याला सोडलं. पुढे २०१३मध्ये फिलाडेल्फियाची शनीन ॲलन, दोन मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचा परवाना पर्समध्ये. जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवलं तर तिने आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. तुरुंगवासाची शिक्षा टळली, पण २०१५मध्ये क्रिस्टींनी माफी देईपर्यंत तिचं आयुष्य टांगणीला लागलं.

मला विचाराल तर नोंदणी असावी, प्रशिक्षण असावं, शस्त्रधारकाचं ओळखपत्रही असावं. या बाबतीत मी जर्सीच्या बाजूची, माझे टेक्सासचे मित्र चिडतात तरी. पण राज्याची सीमा ओलांडली हे ज्याला कळलं नाही अशा माणसाला आणि दुकान लुटणाऱ्याला एकाच किमान शिक्षेच्या कलमाखाली आणायचं, याला मी न्याय म्हणणार नाही. गव्हर्नरच्या दयेवर चालणारा कायदा आपल्याला नवा नाही, पण तो चांगलाही नाही.

जर्सीत पोचल्यावर पुढचं काम. २०२२च्या जुलैत झालेल्या कायद्याप्रमाणे राज्यात नव्याने राहायला येणाऱ्याने साठ दिवसांत फायरआर्म्स आयडी कार्ड काढायचं आणि बाहेरून आणलेल्या शस्त्राची नोंद करायची. अर्ज गावच्या पोलिसांकडे, ऑनलाइन. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आणि ओळख देणारे दोन जण. माझ्या दोघांपैकी एक मंडळातला मित्र. त्याचा रात्री दहाला फोन: ‘अगं, तुला दारूचं व्यसन आहे का, तू कुणाला मारहाण केलीस का, असलं काय काय विचारलंय. ढोकळा करपला होता तेव्हा तू ओरडली होतीस ते लिहू का?’ पोलीस खात्यातल्या बाई मात्र फार समजूतदार. ऑफर लेटर मिळालं त्याच आठवड्यात अर्जाची माहिती मागवून ठेवा, हा माझा आग्रह, कारण कागद कासवाच्या पायांनी चालतात आणि साठ दिवस पळतात.

कार्ड मिळालं म्हणजे मोकळीक मिळाली असंही नाही. पिस्तूल घरात राहतं, नाहीतर रिकामं, बंद पेटीत, रेंजवर आणि परत. वाटेत थांबायचं तर ‘परिस्थितीनुसार गरजेपुरतं’. पेट्रोल, औषध, काहीतरी खाणं, प्रसाधनगृह, याला मुभा आहे असं पुढे नियमांत स्पष्ट झालं. पण रेंजवरून येताना ओक ट्री रोडला, म्हणजे आपल्या देशी बाजारपेठेत, उतरून तासभर ब्लाउजपीस बघत बसणं कुठल्या गरजेत बसवणार? मी आधी घरी जाते, पेटी तिजोरीत ठेवते, मग ओक ट्री रोड. २०२२च्या जूनमध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क मानणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर जर्सीतही जवळ बाळगायचा परवाना सामान्य माणसाला मिळू शकतो. मी काढलेला नाही. किराणा आणायला मला पिस्तूल लागत नाही.

बाकी राज्यांचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात नव्या रहिवाशाने साठ दिवसांत शस्त्राची माहिती राज्याला कळवायची. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (शस्त्रधारकाचं ओळखपत्र), मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना, तिथेही साठ दिवसांचीच सवड. न्यूयॉर्कला मात्र फसू नका. तिथे पिस्तुलाचा परवाना आधी आणि पिस्तूल नंतर, आणि न्यूयॉर्क शहराचा परवाना राज्याच्या परवान्याहून वेगळा. मॅनहॅटनला नोकरी लागलेल्या एका जोडप्याला मी सरळ सांगितलं की डॅलसमध्येच विकून टाका. त्यांनी विकलं. उलट दिशेने, म्हणजे जर्सीहून टेक्सासला जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांनी फक्त जर्सीतून बाहेर पडेपर्यंत जर्सीचे नियम पाळावेत.

शेवटी आपल्या लोकांसाठीचा भाग, जो अमेरिकन मित्र कधीच सांगणार नाहीत कारण त्यांना तो लागू होत नाही. ग्रीन कार्डवर असाल तर शस्त्र बाळगता येतं, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर नुसती शिक्षा भोगून सुटका नाही, तो देशातून हाकलायचा आधार होतो. गोऱ्या शेजाऱ्याला जी चूक वकिलाच्या बिलाएवढी पडते ती तुम्हाला घर, नोकरी आणि मुलांच्या शाळेएवढी पडू शकते. सिटिझनशिपचा अर्ज तोंडावर असेल तर मी म्हणेन, विका आणि शांत झोपा.

आणि एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर प्रश्नच वेगळा. केंद्राच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे, राज्य कुठलंही असो. यात रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलसुद्धा येतं. वीकेंडला टीमबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या पोरांना हे ऐकून घाम फुटतो. मोजके अपवाद आहेत. आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा एकच, कुठल्याही राज्याचा मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. टेक्सासमध्ये तो वॉलमार्टच्या खेळसाहित्याच्या काउंटरवर मिळतो. रेंजवर जायचंच असेल तर आधी तो काढा, आणि जाताना पाकिटात असू द्या.